दुसऱ्या पानावरचे सासरे

सासऱ्यांच्या नळाला पाणी येईना, म्हणून ते लेकीकडे राहायला आले. जावयाने आपली कामाची खोली त्यांना दिली आणि स्वतःचा संगणक स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी मांडला. चार दिवसांचा प्रश्न आहे, असं सगळेच म्हणत होते. महिना लोटला.

पंचाईत अशी, की पाणीखात्याची तक्रारींची वेबसाइट जावयानेच बनवली होती.

"जावईबापू, तुमच्या त्या यंत्रात माझी तक्रार बुडाली वाटतं," सासरे रोज जेवताना म्हणत आणि पाणीखात्यातल्या बाईंना शिव्या घालत.

"बाबा, त्यांना जेवू द्या," बायको म्हणे आणि नवऱ्याकडे असं बघे, की घास घशातच अडकावा.

शेवटी खोली परत हवी म्हणून तो पाणीखात्यात गेला. तिथल्या बाई मान मोडून काम करत होत्या. नव्या तक्रारी वर, जुन्या खाली, एका पानावर वीस. बाईंनी पहिलं पान निकाली काढलं आणि 'पुढचं पान' दाबलं.

"मधलं काही राहत नाही ना?" त्याने विचारलं.

"साहेब, मी पान चुकवत नाही. पहिलं झालं की दुसरं. झालेल्या पानावर परत कशाला जायचं?"

गफलत त्याच्या लक्षात आली. निकाली निघालेली तक्रार यादीतून नाहीशी व्हावी, ही त्याचीच हुशारी. वरच्या वीस गेल्या, की खालच्या वीस सरकून पहिल्या पानावर येत. तोवर बाई दुसऱ्यावर पोचलेल्या. दुसऱ्या दिवशी वर नव्या तक्रारी आल्या, की या राहिलेल्या पुन्हा खाली. त्या गर्दीत सासरे महिनाभर वरखाली करत होते.

त्याने 'पुढचं पान' बदललं. आता पानाचा आकडा मोजायचाच नाही. बाईंनी शेवटी पाहिलेली तक्रार धरायची आणि तिच्या खालून पुढे दाखवायचं.

दोन दिवसांत नळ वाहू लागला. सासऱ्यांनी पिशवी भरली, चपला घातल्या आणि दारात थांबले.

"चूक त्या बाईंचीच ना हो?"

नुसतं 'हो' म्हटलं, की खोली मोकळी. बायको बघत होती.

"नाही. माझी."

सासऱ्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या.

"बरं झालं सांगितलंत. महिनाभर मी त्या बिचारीला शिव्या घातल्या. आता त्या सगळ्या तुम्हाला घालायच्या, म्हणजे वेळ लागणार. पोरी, माझी उशी कुठे ठेवलीस?"