मधला टप्पा

“जीभ काढ. आणखी. लाजतेस काय, मला काय ती खायचीय?”

कुआंग वैद्यबाईंचा आवाज पडद्याबाहेर गेला आणि बाकावर बसलेल्या बायका फिस्सकन हसल्या. चीनच्या छोंगछिंग शहरातल्या त्या जुन्या दवाखान्यात वैद्यबाई आणि बाकी दुनिया यांच्यामध्ये एवढा एक पडदाच होता. त्याची शिवण तिरकी गेली होती. जियांग सूफेनचं पडदे शिवायचं दुकान असल्यामुळे जीभ बाहेर काढूनही तिचं लक्ष शिवणीकडेच होतं.

दोन वर्षांपूर्वी ती तापाने पडली. ताप गेला, पण त्याने आणलेला थकवा काही जाईना. सकाळी उठावं तर रात्रभर कुणीतरी वरवंट्याखाली घातल्यासारखं अंग. मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं उत्तम निघालं. लोक तर अभिनंदन करायला लागले.

वैद्यबाईंनी तिच्या एका मनगटावर तीन बोटं ठेवली, मग दुसऱ्यावर. “पोट जड असतं? झोपून उठलीस तरी डोळे मिटतात?”

“हो.”

“रागावलीयस कुणावर?”

“छे, कुणावर नाही.”

“नाडी तर वेगळंच म्हणतेय.”

सूफेनने पुन्हा त्या तिरक्या शिवणीकडे पाहिलं. “आईवर,” ती म्हणाली. बाहेरचा बाक एकदम शांत झाला.

आई नदीपलीकडे टेकडीवर राहायची. तिथे जायला नुसत्या पायऱ्या. गाडी नाही, लिफ्ट नाही. सूफेन दर रविवारी जायची, ते जाणं बंद पडलं होतं. फोनवर आई म्हणायची, “मी ऐंशी ओलांडली, तरी कोबीची पिशवी घेऊन चढते. तुला काय धाड भरलीय? त्या मऊ कानाच्याने लाडावून ठेवलंय तुला!” मऊ कानाचा म्हणजे सूफेनचा नवरा थान. बायकोच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्यांना त्या शहरात असंच म्हणतात, आणि थानला त्याचं काही वाटायचं नाही.

“अंगातली ‘ची’, म्हणजे जीवशक्ती, पार खाली गेलीय,” वैद्यबाई म्हणाल्या. “हुआंगछीची मुळी, सुकी लाल बोरं, आलं, असा काढा देते. पोटावर नागदवण्याचा शेक. सकाळी राळ्याची पेज. आणि तिखट बंद.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“अरेरे, बिचारी!” पडद्याबाहेरून कुणीतरी कळवळून म्हणालं.

“बरी कधी होईन?”

“तारीख मी देत नाही. पण एक शीक. दमायच्या आधी बसायचं. दमल्यावर सगळेच बसतात, त्यात काय अक्कल?”

काढा उकळायचं काम थानने अंगावर घेतलं. जिन्यात असा वास सुटायचा, की वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायच्या, “थान, चपला शिजवतोयस का?” बायकोच्या सोबतीला त्यानेही मिरची सोडली. मात्र एका दुपारी तो कोपऱ्यावरच्या टपरीत लालभडक शेवयांवर वाकलेला सापडला.

“नाक चोंदलं होतं,” तो म्हणाला. सूफेन इतकी हसली, की तिला तिथेच बसावं लागलं.

थंडी सरता सरता एका सकाळी तिला हलकं वाटलं. तेवढ्यावर तिने एका हॉटेलचे पडदे दिवसभरात शिवून टाकले आणि नंतर आठवडाभर अंथरूण धरलं. वैद्यबाई कडाडल्या, “दोन काटक्या पेटल्या, की लगेच गावजेवण मांडलंस! आधी बसायचं म्हणाले होते ना?”

तेव्हापासून ती चांगल्या दिवशीही हात राखून काम करायला लागली. हे वाईट दिवस काढण्यापेक्षा अवघड होतं. काही गिऱ्हाइकं गेली. उरलेल्यांना थानने वाट बघायला शिकवलं.

वसंतातल्या एका रविवारी दोघं आईकडे निघाली. थानच्या खांद्याला घडीचं स्टूल होतं. प्रत्येक टप्प्यावर, दम लागायच्या आत, सूफेन बसायची. खांद्यावर काठी तोलत चाललेला एक हमाल म्हणाला, “बाई, ही टेकडी विकत घेणार की काय?”

“पसंत पडली तर बघू,” थान म्हणाला.

मधल्या टप्प्यावर पोचतात तोच वरून आवाज आला, “हे काय! स्टूल घेऊन आलीस?” आई काठी टेकत खाली उतरत होती. “आजारी माणूस कसं पिवळं पडतं. तू तर चांगली दिसतेस!”

“आई, बस इथे.” सूफेनने तिला स्टूल दिलं आणि स्वतः पायरीवर बसली. “मी अंग चोरत नव्हते गं. यावंसं वाटायचं. येता येत नव्हतं.”

थान उगाच नदीकडे पाहत राहिला. मग आईने लेकीचं मनगट उचललं आणि तीन बोटं टेकवली. तिला नाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

“काय म्हणतेय?” सूफेनने विचारलं.

“हाड लागतंय,” आई म्हणाली. मनगट तिने बराच वेळ सोडलं नाही. “आणि हा मेला मऊ कानाचा, याचं पोट बघ कसं सुटलंय!”

“राळ्याची पेज,” थान म्हणाला.

गप्पांना मग खंड पडला नाही. शेजारणींची भांडणं, कोबीचे किडे, कुणाचं कोण पळून गेलं. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा आई उठली. “पुढच्या रविवारी वर यायचं नाही. मी खाली येईन. मला काय, सवय आहे. सोडायला येऊ नका.”

ती एकटीच चढायला लागली. थोडं वर गेल्यावर थांबली आणि कुणाच्या तरी खिडकीतल्या कुंड्या न्याहाळायला लागली. कुंड्यांत नुसती माती होती. मग आणखी थोडं चढली, पुन्हा थांबली, भिंतीला एक हात लावून वाळत घातलेले कपडे बघत राहिली. तिचे खांदे वरखाली होत होते.

थान हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात सूफेनने त्याचा हात दाबला. आई वळून पाहणार असं दिसताच सूफेन चटकन खाली वाकली आणि बुटाची नीट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत बसली.