माथ्यावर उठणारा पाय

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा आग्रहही नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो वेइयो लेप्पानेन इथंच आहे, सौन्याच्या या वाफेच्या खोलीत खालच्या बाकावर मान खाली घालून घाम निथळत बसलाय. त्याला विचाराल तर तो नुसतं "हं" म्हणेल. वेइयोचं "हं" म्हणजे होही नव्हे आणि नाहीही नव्हे. तेव्हा तापल्या दगडांवर जरा पाणी टाका आणि इकडे कान द्या.

वेइयोनं उभी हयात शाळेची बस हाकली. पोरं कमी होत गेली, शाळेला कुलूप लागलं, आणि बस कुठल्याशा दक्षिणेकडच्या माणसानं मासेमारीचं बिऱ्हाड करायला नेली. वेइयो घरी बसला. घरी बसलेल्या माणसाला कोण हाक मारणार? बायको ओर्वोक्की मारायची, पण ती लाकडं आणायला.

अशात गावच्या हॉलमध्ये पडद्यावर गाड्या पळवायचा रॅलीचा खेळ आला. तीन स्टिअरिंगं, तीन खुर्च्या, समोर तीन पडदे. दर शनिवारी शेजारच्या लेहतोमाकी गावाशी शर्यत. तिकडचे तिघे तिकडून खेळणार, आपले तिघे इथून, आणि सहाही गाड्या एकाच रस्त्यावर. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आउलिस संघाचा म्होरक्या. त्यानं वेइयोला विचारलं कारण वेइयोच्या हाती जन्मभर स्टिअरिंग होतं. खुर्चीत बसायच्या आधीच सगळा हॉल ओरडला, "वेइयो! वेइयो!" हे कानावर पडून किती वर्षं झाली होती ते त्यालाही आठवेना. त्या दिवसापासून ती खुर्ची त्याला बायकोच्या हातच्या कॉफीपेक्षा प्यारी झाली.

आणि त्या दिवसापासून तो शेवटचा येऊ लागला.

पहिल्यांदा शेवटचा, तर लोक म्हणाले, नवीन आहे. पुढच्या वेळी म्हणाले, चष्मा बदल. त्यानं चष्मा बदलला, आणि आपण शेवटचे आलोय हे त्याला जास्त स्वच्छ दिसलं.

मग त्यानं सरावाला कंबर कसली. गॅरेजात जुना पडदा मांडला, स्वतःचं स्टिअरिंग आणलं. सकाळी कॉफी झाली की बसायचा तो जेवणाला हाक येईतो. तोंड पुसलं की परत. इतका सराव केला म्हणता, की गॅरेजात ठेवलेल्या बटाट्यांना फुटलेले कोंभ खिडकी सोडून पडद्याच्या उजेडाकडे वळले. मांडीवरचं मांजर वळण आलं की आधीच त्या अंगाला कलायचं. खेळात शेजारी बसून "डावीकडे वळण, पुढे चढ, जपून" असं सांगणारा एक यंत्रातला माणूस असतो, बोलून बोलून त्याचा घसा बसला. ओर्वोक्कीनं पडद्यासमोर मधाचं पाणी ठेवलं, तेव्हा कुठे तो मोकळा झाला.

पण वेळ काही सुधारेना. काल जेवढा, आज तेवढाच. हातांच्या शिरा दुखायच्या, मान आखडायची, डोळे मिटले की बर्च झाडं दोन्ही बाजूंनी पळायची. तरी आकडा जागचा हलेना. माणसानं हिवाळाभर बर्फ उपसावं आणि सकाळी दार उघडावं तर बर्फ होतं तिथंच, तसं.

दुखणं काय ते सगळ्यांना कळत होतं. वळणं तो लोण्यासारखी काढायचा. गिअर असा टाकायचा की झोपलेलं मूल जागं होऊ नये. पण चढाचा माथा आला की उजवा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून उठायचा. खेळातला रस्ताही आपल्याकडच्यासारखाच, त्याला माथे किती? रस्ता कमी आणि माथे जास्त. बाकीचे पाच जण माथ्यावरून उडत जायचे, आणि वेइयो तेवढ्यात पलीकडे डोकावून बघायचा.

गावच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी सान्नी, जुळ्यांची आई, पोरं सासूकडे टाकून हॉलवर यायची. खुर्ची मोकळी असली की सहज म्हणून बसायची आणि आउलिसपेक्षा चांगली वेळ काढून दूध तापवायला घरी जायची. तिनं एकदा वेइयोच्या मागं उभं राहून पाहिलं.

"अरे वेइयो, पाय उचलतोस कशाला? दाब ना!"

"पलीकडचं दिसत नाही."

"पलीकडे काय असणार? रस्ताच आहे."

"तुला काय माहीत?"

"अरे बाबा, खेळ आहे तो!"

"अंधार असतो," वेइयो म्हणाला. "मुलं उभी असतात. लायटिनेनच्या टपालपेटीपाशी तिघं असायची. दप्तराला चमकणारी चकती कधी लावायचीच नाहीत. आयांना सांगून सांगून थकलो."

"ती तिघं आता हेलसिंकीत आहेत. एकाला टक्कल पडलंय."

"डोक्याला माहीत आहे. पायाला कोण सांगणार?"

पायाला सांगायचे उपाय मग सुरू झाले. त्यानं रबरी बुटात खडी भरून पाहिली. दुकानातून शिसं आणून तळव्याला बांधलं. शेवटी आउलिसनं बूटच अ‍ॅक्सिलरेटरला दोन स्क्रूंनी घट्ट आवळला. "आता उचल बघू!" म्हणाला. गाडी सुटली, माथा आला, आणि बूट तिथंच राहून नुसता मोजा घातलेला पाय वर आला. हॉलमधले लोक हसून हसून बाकांवरून घसरले. वेइयोही हसला, पण बूट काढायला वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

त्या शनिवारी आउलिस त्याला कॉफीच्या टेबलापाशी घेऊन गेला. वेलदोड्याचे गोड पाव उगाचच इकडचे तिकडे सरकवत राहिला.

"हे बघ वेइयो, माझं काही म्हणणं नाही. पण हिवाळाभर लेहतोमाकीवाले आपल्याला धोपटतायत. पोरंटोरं दुकानात टोमणे मारतात."

"कळलं."

"पुढच्या शनिवारी निदान त्यांच्यातल्या एकाला मागं टाक. एकाला! नाहीतर खुर्ची सान्नीला द्यावी लागेल."

"आणि मी?"

"तू... कॉफी चांगली करतोस."

"कॉफी ओर्वोक्की करते. मी नेऊन देतो."

"तेच ते."

त्या आठवड्यात वेइयोनं सराव केला तो वेड्यासारखा. ओर्वोक्की गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, "हरलास तर काय आभाळ कोसळणार आहे? शनिवारी माझ्याबरोबर बसत जा."

"तुझ्याबरोबर रोज बसतो."

"बसतोस आणि खिडकीतून रस्ता बघतोस," ती म्हणाली आणि ताट ठेवून गेली. तो खरंच दमला होता. इतका, की ताट तिथंच निवलं आणि मांजरानं मासा खाल्ला तरी त्याला पत्ता नाही.

शनिवार उजाडला. हॉल गच्च भरला. सान्नी जुळ्यांना काखोटीला मारून भिंतीशी उभी. सहा गाड्या सुटल्या. वेइयोनं दात आवळून पाय दाबला. पहिल्या माथ्यावर पाय उचललाच. दुसऱ्यावरही. लेहतोमाकीचे तिघे आणि आपले दोघे धूळ उडवत पुढं गेले, आणि वेइयोच्या पडद्यावर नुसती ती धूळ उरली. आता शेवटचा मोठा माथा. आउलिस स्वतःच्या खुर्चीतून किंचाळला, "दाब रे, देवाची शपथ तुला, दाब!"

आणि वेइयोचा पाय उठला.

आता ऐका, कारण इथंच तर सगळी गंमत आहे. माथ्यापलीकडे, रस्त्याच्या बरोब्बर मध्ये, एक एल्क उभा! हरणाच्याच जातीतला, पण घोड्याहून उंच, शिंगं तर एवढी की पडद्यात मावेनात, टोकं हॉलमधल्या घड्याळाला लागलेली. उडत आलेल्या पाचही गाड्या त्याच्या पायांवर धडाधडा आपटल्या, कुणी झाडात, कुणी तळ्यात. यंत्रातला माणूस "आई गं" म्हणाला आणि गप्प झाला. आणि आपला वेइयो, पाय उचललेला, बस थांबवावी तसा अलगद थांबला. एल्कनं त्याच्याकडे पाहिलं, मान तुकवली, आणि रस्ता ओलांडून गेला. वेइयोनं गिअर टाकला आणि एकटा, सावकाश, पहिला! सगळा हॉल उभा राहिला, लेहतोमाकीवाल्यांनी तिकडून टोप्या काढल्या, आउलिसनं रडत रडत ती खुर्ची जन्मभरासाठी वेइयोच्या नावावर...

"खोटं," खालच्या बाकावरून वेइयो म्हणाला. मान त्यानं वर केलीच नाही. "त्या खेळात एल्क नाहीतच. हिवाळाभर खेळलोय मी, एक ससासुद्धा कधी आडवा आला नाही. पाय उचलला, शेवटचा आलो, आणि उठून खुर्ची सान्नीला दिली. तिची पोरं मी धरली, म्हणून ती बसू शकली. टाक आता पाणी."