रूपलीच्या धोंड्याचं रक्त

त्या मंगळवारी तांड्याच्या विहिरीभोवती पाय ठेवाले जागा नव्हती. दिग्रसहून जीपा भरून आल्या, पुसदकडचे लोक आले, बाया लेकरं काखेत मारून आल्या. सगळ्याइचे डोळे काठावरच्या धोंड्यावर. धोंडा हळदीनं पिवळाजर्द माखलेला, अन् त्याच्यापुढं बसून जमनीबाई गाऊन राह्यली व्हती.

गाणं रूपलीचं. तांडा बैलाइवर मीठ अन् धान्य लादून फिरे, त्या वख्ताचं. नायकानं इथं विहीर खंदली, पाणी लागेना. मंग त्यानं धाकट्या सुनेले हळद लावली, नवरीसारखं नटवलं अन् याच धोंड्यावर तिचं मुंडकं उडवलं. तवा विहिरीले पाणी लागलं. जमनीचा गळा असा, का त्या ओळीपाशी आली म्हणजे गडीमाणसंही डोळे पुसत.

"मान लवव रूपले, तांडा तहानेला..."

तिनं ओळ ओढली, तसा लखीराम भगतानं तांब्या उचलून धोंड्यावर पाणी शिंपडलं. पिवळा धोंडा पाहता पाहता लालभडक. वघळ खाली उतरले.

"रूपली आली वो माय! रगत आलं!" लोक भुईवर आडवे पडले.

लखीरामाच्या कपाळभर शेंदूर, गळ्यात माळांचं दुकान. दोन्ही हात वर करून तो वरडला, "मी कोन? मी कोनीच नाई! मी रूपलीचा मोबाईल हाये. ती तिकून बोलते, मी इकून सांगतो!"

अन् या मोबाईलले रिचार्ज लागे चांदीचा. मागच्या मंगळवारी बायाइनं बांगड्या, कडे, वाळे काढून धोंड्यापुढं ठेवले व्हते. एकटी जमनीची सून पुष्पा हटली नाही. म्हणे, "माह्या याडीची, माह्या मायची चांदी हाये. धोंड्याले बांगड्या कायले पायजे? त्याले हात तरी हायेत का?" लोक हासले. लखीरामही हासला. पण हासून विसरणारा गडी नव्हता तो.

"विहीर मार्चातच काहून आटली?" त्यानं आता गर्दीले विचारलं. "रूपलीचं रगत सुकलं म्हनून! तिले जोडीदारीन पायजे. याच तांड्याची सून. भेऊ नका! घाव बसन, पन रूपली जीव झेलन. पोरगी आपल्या पायानं घरी जाईन."

तो घुमत घुमत फिरला अन् पुष्पापुढं येऊन थांबला.

मंग जे झालं, ते सांगताना आजही जीभ अडते. पुष्पाले केसाले धरून ओढलं. तिचा नवरा लखन मधात पडला, तं काठ्या सुरू झाल्या. एक डोक्यात बसली, नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. तो पडला तरी लाथा थांबल्या नाहीत. तसाच उचलून कडुलिंबाच्या झाडाले बांधला. अन् रोज पुष्पासंगं पाणी भरणाऱ्या बायाच तिच्या तोंडाले, मानेले हळद फासू लागल्या. ती चावली, तं एकीनं तिच्या मुस्काटात हाणली.

कुऱ्हाड घेतली नायक देवसिंगनं. जमनीचा सख्खा जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. जमनीनं जेठापुढं उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. आज तिनं त्याचे पाय धरले. "जेठजी, लेकरू हाये ते! सोडा तिले!"

देवसिंगनं लाथेनं लोटलं. "तूच तं गातं ना वो जनमभर? विहिरीले असंच पानी लागलं म्हनून? मंग खोटं गायली का?"

गाणं तिचंच व्हतं. मातीत पडल्या पडल्या तिले आपलं लग्न आठवलं. नवी सून म्हणून आली, तवा दळताना हेच गाणं गायली, पण माहेरच्यावाणी, सोनकीचं नाव घेऊन. सासूनं थोबाडीत दिली. "इथं रूपली म्हनाचं! सोनकी म्हायरी ठेवून ये." तवापासून रूपली. अन् तांड्यात येणारी हरेक सून असंच माहेरचं नाव माहेरी ठेवून येते. कोणी कोणाले विचारतच नाही.

जमनी उठली. गाण्याच्या गळ्यानं वरडली.

"माह्या म्हायरी सोनकी मेली! याच गान्यात! सांगा वो बायाहो, तुमच्या म्हायरी कोन मेली?"

हळद फासणारे हात थबकले. एक म्हातारी चाचरत म्हणे, "आमच्याकडं धमळी."

"आमच्यात तं केसली."

"अन् विहीर?" जमनीनं विचारलं.

"विहीर आमच्याच तांड्याची वो!"

"अन् धोंडा?"

"धोंडा बी हाये आमच्याकडं. पोट्टे त्याच्यावर कपडे वाळू घालतेत."

कोणीतरी फिस्सकन हासलं. जमनी म्हणे, "जुने ढाढी तांडोतांडी गात फिरत. जिथं भाकर भेटे, त्या तांड्याचं, तिथल्या सुनेचं नाव गान्यात घालत, मान म्हनून. आपन त्यालेच आपल्या कुळाची खरी गोष्ट समजून बसलो! एक बाई किती विहिरीवर मरन?"

लखीरामानं पाह्यलं, डाव हातचा चालला. त्यानं तांब्यातलं पाणी सपकन पुष्पाच्या तोंडावर मारलं. हळदीचा गाल लालभडक झाला.

"पाहा! घाव नाई अन् रगत आलं! रूपलीनं निवडली! मार, देवसिंग!"

गर्दी पुन्हा उसळली. कुऱ्हाड वर गेली. तेवढ्यात शाळेतून मैत्रेयी मॅडम धावत आल्या. शाळा विहिरीले लागूनच. बाई मधात घुसल्या, भगताच्याच ताटातलं लिंबू उचललं, दातानं फोडलं अन् अर्धं पुष्पाच्या गालावर पिळलं.

लाल गाल पिवळा झाला.

मंग धोंड्यावर पिळलं. तिथंही रक्त गेलं, हळद राह्यली.

"तांब्यात चुन्याची निवळी आहे," मॅडम धापा टाकत बोलल्या. "चुना भिजवून ठेवला की वर जे स्वच्छ पाणी राहतं, ते. हळदीला लागलं की लाल. आंबट पडलं की परत पिवळं. घरी जाऊन करून पहा."

लखीराम फुत्कारला, "ही बुद्धविहारातली! इले आपल्या देवाचं काय समजे?"

"मी कुठली ते सोडा, भगतजी. लिंबू तर तुमचंच आहे."

देवसिंगची कुऱ्हाड अजून वरच व्हती. माणसाले चूक समजली तरी हात लवकर खाली येत नाही. जमनीनं उरलेलं अर्धं लिंबू घेतलं, झाडाले बांधलेल्या लखनजवळ गेली अन् त्याच्या भिजलेल्या सदऱ्यावर पिळलं. पिळतच राह्यली. लाल ते लालच.

"हे रगत हाये, जेठजी. माह्या पोराचं. हे पिवळं करून दाखवा."

कुऱ्हाड गळून पडली.

मंग तीच गर्दी लखीरामावर तुटली. काठ्या उठल्या, दगड सुटले, त्याचे पुढचे दात गेले. पुष्पा हळदीच्या तोंडानंच मधात उभी राह्यली. "हात लावू नका त्याले! माह्या नवऱ्यावर तुमी काठ्या चालवल्या, आता त्याच्यावर त्याच काठ्या? बोलवा पोलिसाइले!"

पोलिस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली लखीराम गेला, संगं देवसिंगही गेला. जबानी जमनीनंच दिली, जेठाचं नाव घेऊन. लखन वाचला, पण एका कानानं आता ऐकू येत नाही. पुष्पा त्या बायाइसोबत पाण्याले जात नाही. जाईन तरी कायले? विहीर कोरडीच हाये. आजूबाजूच्या बोअरनं तिचं पाणी ओढलं, ते कोणाच्या मुंडक्यानं परत येणार नाही. टँकर येते.

जमनी अजून गाते. कोणी विचारलं तं म्हणते, "कोनाची सून मारली नसन, असं मी म्हनत नाई. मारल्या असतीन बिचाऱ्या. पन त्याइच्या मरन्यानं पानी लागलं नाई. खंदनाऱ्याइच्या हातानं लागलं."

तं बाप्पाहो, तुमच्या गावी असा कोणी आला, तं पाया पडाच्या आधी त्याच्या तांब्यात काय हाये ते विचारा. त्याले राग आला, तं समजून जा. अन् गाण्यातल्या बाईसाठी रडा, पोटभर रडा. पण तिच्या नावानं जित्या बाईच्या मानेले हात लावू नका.