वाकड्या तोंडाचा सरपंच

"माय, खुर्चीवर बस, सत्काराची शाल घे अन् गप घरी चल," रत्नपाल म्हणाला.

"शाल पांघरायला मी काय मढं हाय व्हय?" चांगुणाबाईनं मिशी कोरायला काजळाची काडी ओठावर टेकवली. "आरसा धर नीट."

पुसेगावात बाबासाहेबांच्या जयंतीचा मंडप गच्च भरला होता. रत्नपालच्या कलापथकाचा वग सुरू व्हायला आला होता आणि पडद्यामागं मायलेकांचं जुंपलं होतं. पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गेल्या थंडीत चांगुणाबाईला लकवा मारून गेला. हातपाय वाचले, पण तोंडाची उजवी बाजू गेली ती गेलीच. डावा ओठ हसायचा, उजवा लोंबायचा. आणि या बाईचा सगळा संसार उभा होता तो तोंडाच्या जोरावर.

जलशात पुरुषांनी लुगडं नेसून बाया व्हायचं, ही जुनी रीत. चांगुणाबाईनं ती उलटी केली. लग्न होऊन साखऱ्याला आली आणि नवऱ्याच्या जलशाच्या पार्टीत वगातल्या सरपंचाचं काम हिसकावून बसली. लुगड्यावर नवऱ्याचा कोट, ओठावर मिशी. खेळ संपला तरी मिशी पुसायची नाही. तशीच बाजारात जाऊन वांग्यांचा भाव करायची. सासू कपाळ बडवून घ्यायची. लोक म्हणायचे, बाई येडी आहे. असेना का येडी, तिला बघायला हट्ट्याहून माणसं ट्रक भरून यायची.

"लोकं हसतील तुला, माय."

"मंग आजवर दुसरं काय करून राहिले होते?"

"तसं न्हाई." रत्नपालचा आवाज उतरला. "कीव करतील."

हे मात्र तिला लागलं. काडी ओठावरच थांबली. लकव्याला ती भ्याली नव्हती, पण लोकांच्या कीवेला भीत होती. कीव करणाऱ्याला हसू येत नाही; ती कीव तिला कामावरून उठवणारी होती.

"जाऊन बघते," म्हणाली आणि उठली.

ती मंचावर आली आणि मंडप चिडीचूप झाला. जिच्या नुसत्या चालीवर पोटं दुखायची, तिच्याकडं पाहून बायका चुकचुकायला लागल्या. कित्येकांनी माना खाली घातल्या.

"काहून गप बसून राहिले?" शब्द जड येत होते, पण तिनं ते रेटले. "मयतीला आले का? तोंड माझं वाकडं झालंय, तुमचं न्हाई."

कुणी हललं नाही. रत्नपाल पडद्याआडून हातानं बोलावत होता. तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. कोटाच्या खिशात हात घातले, डावी बाजू लोकांकडं केली आणि गोड हसली.

"हे मतं मागतानीचं तोंड."

मग सावकाश वळली. थिजलेला गाल, लोंबता ओठ, सगळं उजेडात धरलं.

"अन् हे निवडून आल्यावरचं."

मागं कुणीतरी फसकन हसलं. मग एक रांग हसली आणि बघता बघता सगळा मंडप लोळायला लागला. ती पुन्हा वळली, पुन्हा फिरली, लोकांना श्वास घेऊ देईना. रत्नपालनं बोलावणारा हात खाली घेतला.

पुढच्या सतरंजीवर एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती, चोरून, जन्मभर हसली असेल तशी. चांगुणाबाई मध्येच थांबली.

"पदर काढ, बाई," ती म्हणाली. "म्या कुठं झाकलंय?"

म्हातारीनं आजूबाजूच्या बाप्यांकडं एकदा पाहिलं आणि पदर मांडीवर टाकला. तोंडात एकही दात नव्हता. तसंच तोंड उघडं टाकून ती हसत राहिली.