लाल दिव्यावरची पट्टी

दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी मीच बसवलेलं, कॉम्प्युटरची माहिती साठवायचं ते खोकं उघडलं आणि मला शिसारी आली. पंख्यात केसांचा गुंता, कोपऱ्यात मेलेली झुरळं. चार डिस्कपैकी तिसरीच्या लाल दिव्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी डकवलेली.

"ही कोणी लावली?"

"मीच," वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या. "दिवा सारखा डोळ्यांत खुपायचा. आठ महिने झाले की! काम तर चालू होतं."

लाल दिवा म्हणजे ती डिस्क बंद पडलेली; तरी काम चालू राहणारच. माहिती चौघींत अशी वाटलेली असते की एक गेली तरी उरलेल्या तिघी तिची उणीव भरून काढतात. आणखी एक गेली की कारभार आटोपला. ती परवा गेली. मग बाईंच्या यजमानांनी अक्कल पाजळली. चारही डिस्क काढून पुसल्या, हाताला येतील तशा परत खोचल्या आणि 'दुरुस्ती'चं बटण दाबलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समोर बाकावर एक बसचालक लेकीबरोबर बसला होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याची वाचा कायमची गेली होती. त्याआधी दोन दिवस बाईंनी त्याच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घेतली होती. पुढे मोबाइलचं बटण दाबून तो स्वतःच्या आवाजात बोलणार होता. ती वाक्यं फक्त या उकिरड्यात होती.

मी डिस्क दुकानात नेल्या. मूळ डिस्कवर काम करायचं नाही, आधी हुबेहूब नक्कल, हा माझा नियम. परवा गेलेली डिस्क कण्हत होती. तिच्या नकलेतच दोन दिवस गेले. तिसरी बाजूला ठेवली, कारण तिची आठ महिन्यांची शिळी माहिती मिसळली असती तर सगळंच नासलं असतं. डिस्कचा मूळ क्रम यजमानांनी घालवला होता, म्हणून मग नकलांचे क्रम बदलून बदलून पाहत बसलो. एकोणिसाव्या खेपेला फाइलींची नावं दिसली.

पहिल्या दिवसाची वाक्यं शाबूत होती. 'पाणी द्या.' 'दुखतंय.' 'डॉक्टरांना बोलवा.' दुसऱ्या दिवशी तो लेकीसाठी मनातलं बोलला होता. त्यावर 'दुरुस्ती'ने भलतंच काही लिहून ठेवलं होतं. ऐकलं तर नुसती खरखर.

दवाखान्यात परत जाऊन, जे मिळालं ते बसचालकाच्या मोबाइलमध्ये भरून दिलं आणि बाईंवर उखडलो. "दिवा झाकण्याआधी एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

"केला होता ना," बाई खाली बघत म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, एक डिस्क गेल्याने काही बिघडत नाही, सवडीने येतो."

म्हणालो होतो. सगळ्याच गिऱ्हाइकांना मी तसंच म्हणतो, ऐटीत. आता मला माझीच किळस वाटली.

"बाबा, माझ्यासाठीचं कुठलंय?" लेकीने विचारलं.

त्याने यादी वर-खाली केली. पुन्हा वरपासून पाहिली. मग माझ्याकडे बघत एक बटण दाबलं.

"दुखतंय," मोबाइल त्याच्या आवाजात म्हणाला.