वरची शक्ती आणि नऊ तिकिटं

ड्युसेलडॉर्फहून तुर्कस्तानातल्या कायसेरीला जाणारं विमान अर्धा दिवस रखडलं, त्याचं मुकद्देसला तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते गावाहून परत आल्यावर. नवरा रिफ्की ग्लासात चहा ओतता ओतता म्हणाला, "माणशी चारशे युरो भरपाई मिळते म्हणे. पोर असलं तरी पूर्ण. स्वतःची जागा असली की झालं."

मुकद्देसचा हिशेब चहा निवायच्या आत झाला. आपण दोघं, म्हणजे आठशे. दीर जेलाल, धाकटी जाऊ नेर्गिस आणि त्यांची पाच पोरं, म्हणजे अठ्ठावीसशे. विमान तेच, उशीर तोच. उलट पाठ जास्त धरली ती मुकद्देसची, कारण नेर्गिसची धाकटी निम्मा वेळ तिच्याच मांडीवर झोपली होती.

"पाच पोरं म्हणजे खर्चात बुडालात," असं ती जावेला कैक वर्षं ऐकवत आली होती. आता तीच पोरं कमावती निघाली. आपला एकुलता एक तुफान हॅम्बुर्गला. "काम आहे, आई," म्हणून याही खेपेला आला नाही. आला असता तर बाराशे झाले असते.

संध्याकाळी नेर्गिस आली. थोरल्या जावेला ती सख्ख्या बहिणीसारखं आब्ला म्हणायची. "आब्ला, तुझं जर्मन चांगलं. आमचाही अर्ज तूच भर."

मुकद्देसने आधी स्वतःचा भरला. उशिराचं कारण काय, या प्रश्नापुढे लिहिलं, वैमानिक आले नव्हते. मग जावेचा उघडला.

"उशीर कशामुळे झाला, असं विचारतायत."

"कशामुळे म्हणजे? अल्लाची मर्जी," नेर्गिस सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाली.

"तेच लिहू?"

"लिही ना. खोटं आहे का?"

जर्मनमध्ये याला कायद्याचा एक शब्द आहे, वरची शक्ती. मुकद्देसच्या तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हा विमा कंपनीने याच शब्दावर तिच्या तोंडाला पानं पुसली होती. हा शब्द आला की पैसे जातात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने तो नीट, एकही चूक न करता टाइप केला. जावेने सांगितलं तेच लिहिलं, यात आपलं काय चुकलं? त्यानंतरचा चहा तिला जरा जास्तच गोड लागला.

महिन्याभराने कंपनीचं उत्तर आलं, तेही मुकद्देसलाच. चार पैसे वाचतील म्हणून जेलालने नऊही तिकिटं एकाच आरक्षणात काढली होती, आणि कंपनीने नऊ जणांना एकाच दावणीला बांधलं होतं. प्रवाशांनी स्वतःच उशिराचं कारण वरची शक्ती असं कळवलं आहे, सबब कोणालाही भरपाई देता येत नाही.

रिफ्कीने ते दोनदा वाचलं. "वैमानिक आले नव्हते ना? मग ही वरची शक्ती कुठून आली?"

"तुमच्या भावजयीने सांगितली."

"आणि लिहिली कोणी?"

मुकद्देस रिकामे ग्लास उचलून स्वयंपाकघरात गेली.

नेर्गिसला मात्र कशाचंच काही नाही. "जाऊ दे गं आब्ला. नशिबात नव्हते." ज्या बाईचे अठ्ठावीसशे गेले ती खुशाल बिया फोडतेय, आणि जिचे आठशे गेले ती जळतेय. मुकद्देसला हे त्या आकड्यापेक्षाही सोसेना. जणू हिच्या घरी असं काही भरलेलं होतं की एवढे गेले तरी कमी पडणार नव्हतं.

आपले आठशे एकटे सुटणार नाहीत, ओढले तर जावेचेही बरोबर येणार, हे तिला कळून चुकलं. तिने दात-ओठ खात प्रवाशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे धाव घेतली. त्यांनी पुरावा मागितला. पुरावा एकच होता, विमानतळावरचा फोटो. तिने तो मोठा केला. वरच्या फलकावर स्पष्ट लिहिलं होतं, वैमानिकांची प्रतीक्षा. फलकाखाली जेलालचं सगळं कुटुंब, चीज भरलेल्या बोरेकच्या घासाने गाल फुगलेले, एक पोरगं दुसऱ्याच्या खांद्यावर. फोटो मुकद्देसनेच काढला होता, म्हणून ती त्यात नव्हती. फलक वाचून झाला तरी बराच वेळ तिने फोटो मिटला नाही.

मंडळाने कंपनीचे कान उपटले. नऊच्या नऊ जणांचे पैसे आले. नेर्गिस पातेलंभर मांती, खिम्याच्या उकडलेल्या इवल्या करंज्या, घेऊन हजर झाली, वर लसूण घातलेलं दही.

"तू होतीस म्हणून मिळाले, आब्ला. आणि एक सांगायचंय. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आठ असू."

मुकद्देसचा चमचा हवेतच राहिला. आठ म्हणजे बत्तीसशे. मग तिला नियम आठवला आणि जिवात जीव आला. "मांडीवरच्या बाळाला काही मिळत नाही हं. त्याला जागाच नसते."

"माहीत आहे. पण ते बसणार तुझ्या मांडीवर. माझ्याकडे धाकटी असेल ना."

मुकद्देसने दही आणखी थोडं वाढून घेतलं.

"जेलालला सांग, तिकिटं याही वेळी एकत्रच काढ," ती म्हणाली. "खिडकी मात्र माझी."