बारा कामं आणि चार टिंबं

यंत्र यायच्या आधी त्याची पुस्तिका आली, आणि ती नेमकी वेलांटीरावांच्या हाती पडली. लेकीनं पाठवली होती. सोबत चिठ्ठी: "शनिवारी सकाळी एक ताई येऊन चालवून दाखवतील. आवडलं तर मी घेऊन देते. किंमत बघू नका." किंमत बघू नका म्हटलं की माणूस आधी किंमतच बघतो. वेलांटीरावांनी बघितली, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितली. आकडा होता तिथंच होता. "अगं, एवढ्यात तर..." असं त्यांनी सुरू केलं खरं, पण एवढ्यात काय येईल ते चटकन सुचेना, म्हणून खालची यादी वाचायला घेतली.

यादी बारा कामांची. चिरणे, सोलणे, किसणे, वाटणे, मळणे, घुसळणे, ढवळणे, वाफवणे, शिजवणे, मोजणे, गरम ठेवणे आणि शेवटी 'स्वतःला धुणे'. हे शेवटचं तर घरोघरच्या निम्म्या माणसांना सांगूनही जमत नाही! पण वेलांटीराव तिथवर पोचलेच नाहीत. ते पहिल्याच शब्दाशी अडले. चिरणे हे या घरात त्यांचं काम होतं.

आता हे वेलांटीराव कोण, ते सांगायला हवं. छत्तीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की ते अंगावर पाल पडल्यासारखे दचकायचे, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांचं नाव वेलांटी ठेवलं. 'राव' शेजाऱ्यांनी मागाहून चिकटवलं. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने बायको जिथं केर काढायला जाई, तिथं नेमके हे उभे. मग बायको न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं, हाताला प्लास्टर आलं आणि सुरी वेलांटीरावांच्या हातात आली. प्लास्टर दीड महिन्यात निघालं. सुरी निघाली नाही, त्याला आता दीड वर्ष झालं.

रोज सकाळी सात ते आठ. हे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून चिरणार, ती ओट्याशी उभी राहून शिजवणार, आणि दोघं बोलणार. एरवीही ती बोलत नव्हती असं नाही, पण ते सगळं 'नळ नीट बंद करा' आणि 'माझा चष्मा पाहिलास का' छापाचं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे कामाचे कागद घरी आणत, ती मूळ मजकूर मोठ्यानं वाचे, आणि हे छापलेल्या कागदावर लाल शाईनं खुणा करत. त्यातच हसणं-खिदळणं, भांडणं, सगळं व्हायचं. पुढं लेक झाली, छापखान्याच्या वेळा बदलल्या, आणि ते वाचन राहून गेलं ते तीस वर्षं राहूनच गेलं. आता कुठं कांद्याच्या निमित्तानं पुन्हा सूर लागला होता.

अर्थात, वेलांटीराव हे कबूल करतील तर शपथ! रोज टेबलाशी बसताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "झालं! निवृत्त होऊन कामाला जुंपलं एकदाचं!" ते म्हटल्याशिवाय पहिला कांदा चिरला जात नसे.

तर आता या पठ्ठ्याला नारळ मिळणार होता. तोही चार पात्यांच्या एका डब्याकडून.

त्यांनी विरोध सुरू केला. पण खरं कारण सांगायचं कसं? 'मला कांदा चिरायचाय' असं साठी उलटलेल्या माणसानं हट्टानं म्हणायचं? मग त्यांनी खोटी कारणं काढली. आवाज फार करील. वीज खाईल. बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं? बायको "हं" म्हणून भांडी लावत राहिली. शेवटी ते मोजपट्टी घेऊन ओट्याशी उभे राहिले आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "याला इथं जागाच नाही."

"जागा करू की," बायको म्हणाली. "ते कोपऱ्यातलं टेबल काढलं की झालं."

वेलांटीरावांची मोजपट्टी सर्रकन आत गेली. कोपऱ्यातलं टेबल! झाकणाची मूठ तुटली तरी दहा वर्षं ते झाकण न टाकणारी ही बाई, आणि टेबल काढायला निघाली? हिला आपला एवढा कंटाळा आला? त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. त्या रागात त्यांनी लाल पेन काढलं आणि पुस्तिकेतल्या चुका शोधायला बसले. एक्केचाळीस सापडल्या. तेवढंच बरं वाटलं.

शनिवारी यंत्रवाली ताई आली. तरुण, हसरी, आणि एका दमात बोलणारी. "काका, काकू, पाचच मिनिटं द्या, आयुष्य बदलून जाईल," म्हणत तिनं एक तक्ता काकूंपुढं सरकवला. डावीकडं बारा कामं छापलेली, उजवीकडं रकाना: 'सध्या कोण करते?' बायकोनं भराभरा भरला. चिरणे – हे. सोलणे – हे. किसणे – हे. मोजणे – हे. बाकी सगळं – मी. नवऱ्याचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता, 'हे' पुरेसं होतं.

मग ताईनं यंत्रात कांदा टाकला. घर्रर्र! चार सेकंद. झाकण उघडलं, आत कांद्याचा भुगा.

"हा कांदा चिरला?" वेलांटीराव म्हणाले. "याला चुरा म्हणतात."

"तुम्ही नाकानं कांदे सोलू नका," बायको म्हणाली. "बघू द्या मला."

ताईनं पुढचं बटण दाबलं. पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: 'दोन वाट्या पाणि घाला.' वेलांटीराव खुर्चीतून ताडकन उठले.

"थांबा! हात लावू नका कुणी!"

ताई घाबरून मागं सरली. "काय झालं काका?"

"पाणी दीर्घ! ऱ्हस्व पाणि म्हणजे हात! पाणिग्रहण म्हणजे काय? हात धरणं. तुमचं यंत्र मला दोन वाट्या हात घालायला सांगतंय, आणि आत पाती गरगरताहेत!"

"काका, लोकांना कळतं हो काय ते."

"आज कळतं. उद्या एखाद्याला व्याकरण येत असलं तर?"

ताई काकूंकडं बघायला लागली. काकूंनी पदर तोंडाला लावला होता, खांदे हलत होते. हसू आवरल्यावर बायको म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. छत्तीस वर्षांचं जुनं दुखणं आहे. पण काम चांगलं करतंय हो तुझं यंत्र."

झालं, भात्यातला शेवटचा बाणही गेला. वेलांटीराव खाली बसले.

"मग काकू, आता जी जी कामं सुटली, त्यांच्यावर काट मारायची," ताई उत्साहानं म्हणाली. "बघताना फार छान वाटतं बरं का!"

बायकोनं पेन घेतलं. 'चिरणे – हे' यावर एक आडवी रेघ ओढली. वेलांटीराव त्या रेघेकडं बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं खोडली, आज पहिल्यांदाच त्यांना कुणी खोडत होतं. बायकोचं पेन खालच्या ओळीवर आलं तसा त्यांनी हात पुढं केला.

"दे इकडं. 'सोलने' छापलंय. न चुकलाय."

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. 'न'चा 'ण' केला. इथं खरं तर काम संपलं होतं. पण पेन कागदावरच राहिलं, मग हळूच वरच्या ओळीकडं गेलं आणि खोडलेल्या 'चिरणे – हे' खाली त्यानं एकापुढं एक चार टिंबं दिली.

"काका, शाई गळतेय तुमची," ताई म्हणाली.

बायकोनं तक्ता ओढून घेतला. त्या टिंबांकडं ती बराच वेळ बघत बसली.

"शाई नाही गळत गं," ती म्हणाली. "छापखान्यात काही चुकून खोडलं गेलं ना, की त्याच्याखाली टिंबं देतात. म्हणजे हे खोडू नका, होतं तसं राहू द्या." मग ती नवऱ्याकडं वळली. "अहो, पण तुम्हीच रोज म्हणता ना, कामाला जुंपलं म्हणून?"

"ते... म्हणायचं असतं."

"म्हणायचं असतं म्हणजे?"

"हौसेनं म्हणतो मी!"

"अरे देवा!" बायकोनं कपाळावर हात मारला. "आणि मी वेडी रोज मनाला लावून घेतेय! हात बरा होऊन दीड वर्ष झालं, तरी सुरी परत मागितली नाही मी तुमच्याकडून. गप्पांची चटक लागली मला, म्हणून बिचाऱ्या माणसाला जुंपून ठेवलंय, असं वाटायचं. लेकीला मीच म्हटलं, बघ बाई एखादं यंत्र, सुटतील हे."

"मला नाही सुटायचं," वेलांटीराव म्हणाले. कान लाल झाले होते, पण आता वाक्य पुरं करणं भाग होतं. "मला तो तास हवाय."

ताईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. दारात वेलांटीरावांनी लाल खुणांनी भरलेली पुस्तिका तिच्या हातात दिली. "एक्केचाळीस आहेत. निदान तेवढं पाणी तरी दीर्घ करा. कुणाचा तरी हात वाचेल." बायकोनं लेकीला फोन लावला होता. "यंत्र झकास आहे गं," ती सांगत होती, "पण जे काम आम्हाला संपवायचं नाही, ते चार सेकंदांत संपवतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वेलांटीराव टेबलाच्या कोपऱ्याला बसले. सुरी घेतली, कांदा पुढ्यात ओढला आणि सवयीनं तोंड उघडलं. "झालं! निवृत्त होऊन कामाला..."

"टिंबं कुणी दिली?" ओट्याकडं तोंड करूनच बायकोनं विचारलं.

वेलांटीरावांनी वाक्य तिथंच सोडलं आणि कांद्याचं टोक उडवलं. मग म्हणाले, "बारीक चिरू का मोठा?"

"बारीक," ती म्हणाली. "वेळ लागू दे."